धुराड्याची खूण

किनाऱ्यावरच्या लाटा जणू बापाने आपल्याच नावावर करून दिल्यात, अशा तोऱ्यात तो सर्फिंगचे बोर्ड दुरुस्त करणारा मिस्त्री रोज सकाळी पाण्यात उतरायचा. लाटेवर स्वार व्हायला बाहेरचं कोणी आलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. आजच्या पोरीने तर बोर्ड काखेत मारून त्याच्या टोळक्यालाच गाठलं. "लाट कुठे चांगली उठते हो इथे?"

"ते कारखान्याचं धुराडं दिसतंय ना, त्याच्या अगदी समोर जाऊन बस," मिस्त्री साळसूदपणे म्हणाला. तिथे लाट फुटत नाही, उलट पाणी माणसाला आत खेचतं. टोळकं गालातल्या गालात हसलं.

पोरगी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग हाताने पाणी कापत निघाली ती थेट किनाऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीसमोर, त्याच्या स्वतःच्या जागेवर. पहिलीच लाट तिने त्याच्या नाकावर टिच्चून घेतली.

त्याचं टाळकं सटकलं. दुसऱ्या लाटेला त्याने मुद्दाम तिच्या वाटेत बोर्ड घातला. दोघंही गटांगळ्या खाऊन वर आले.

"ही जागा कोणी दाखवली तुला?" तो खेकसला.

"बाबांनी. मागच्या महिन्यात गेले ते. तेवढंच तुम्हाला सांगायला मी आले होते." तिने तोंडातलं खारं पाणी थुंकलं. "मी विचारलं होतं, एवढ्या लोकांत काकाला ओळखू कशी? म्हणाले, जो तुला धुराड्यासमोर बसवेल, तोच माझा भाऊ."