ढिला सांधा

स्टिअरिंग फिरू नये म्हणून कर्स्टनने ते सीटबेल्टने बांधलं, बॉनेटमध्ये डोकं घालून गंजलेला बोल्ट सोडवला आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा झिजलेला सांधा बाहेर काढला. तो तिच्या तळहातावर खुळखुळला. दोन वर्षांपूर्वी डकोटाच्या सुतासारख्या सरळ रस्त्यावर हा जुना ट्रक नागमोडी गेला, तेव्हा बाबा काकुळतीने म्हणाले होते, "अगं, स्टिअरिंग ढिलं झालंय!" "स्टिअरिंग नाही, तुमचे हात थरथरतात," असं सुनावून तिने किल्ल्या काढून घेतल्या होत्या. तेव्हापासून ते खिडकीशीच बसून होते. नवा सांधा बसवल्यावर ट्रक जराही भरकटला नाही. कर्स्टनने किल्ल्यांचा जुडगा बाबांच्या पुढ्यात ठेवला. "चुकलं माझं, बाबा. चला, आज तुम्हीच चालवा." बाबांनी लगबगीने जुडगा उचलला. तो त्यांच्या बोटांत खुळखुळायला लागला, थांबेचना. "राहू दे, पोरी," ते म्हणाले, "आता तुझंच खरं झालंय."