परसातलं बाळानगरी

बैलगाडीत सामान चढवून झालं होतं. मगरे गुरुजी आणि गाडीवान कडूबा मिळून ट्रंका दोरीने आवळत होते. तेवढ्यात प्रभावती घरामागे परसात गेली आणि सीताफळाच्या झाडापाशी उभी राहिली.

झाड तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. यंदा पहिलाच बहार. फळं मुठीएवढी झाली होती, पण टणक, हिरवीगार; एकाचाही डोळा उघडला नव्हता. अजून महिनाभर तरी हवा होता. पोळा झाला आणि गुरुजींची बदली निघाली, हसनाबादहून टेंभुर्णीला.

दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात त्यांनी ते लावलं होतं. अण्णासाहेबांनी भाड्याने दिलेल्या या घरामागे खड्डा घेण्यासारखी जागा एकच. बाकी सगळा खडक. प्रभावतीचं म्हणणं होतं, माहेरच्या डोंगरातलं गावरान लावू, ते कशातही जगतं. गुरुजी हटून बसले. "एकच झाड लावायचं ना? मंग बाळानगरी जातीचंच. गर बघशील त्याचा!" औरंगाबादच्या रोपवाटिकेतून ते कलम मांडीवर घेऊन एस.टी.ने आले होते.

पण कलमाला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात तर प्यायच्या पाण्याचीच मारामार. प्रभावतीने पोरींना घमेल्यात बसवून आंघोळी घातल्या आणि ते पाणी रोज उचलून झाडाला ओतलं. झाड जगलं ते असं.

"निघाल्या का गुरुजीनबाई?"

भिंतीपलीकडून तुळजाबाई डोकावत होत्या. अण्णासाहेबांची बायको. बाई मनाने चांगली. धाकटीला ताप आला तेव्हा स्वतः दूध घेऊन आल्या होत्या. दारात उभं राहून वरून प्रभावतीच्या भांड्यात ओतलं होतं.

"हाव काकू. निघालोच."

"करमणार न्हाई बगा आता." तुळजाबाईंची नजर झाडावर गेली. "काय लगडलंय हो! एवढी सीताफळं गावात न्हाईत कोणाकडं."

प्रभावतीला बरं वाटलं. "महिनाभरात उतरतील. तुमी खा काकू, लेकराबाळांना द्या. झाड आता तुमचंच हाय."

तुळजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "आमच्यात न्हाई चालायचं बाई. तुमच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं झाड ते. मला बिलकुल काई वाटत न्हाई. पण सासूबाई हायेत, घरात देवधर्म हाय. हे म्हणून राह्यले, या साली गडी खातील, आन मंग तोडून टाकू. नवीन भाडेकरू यायच्या आत." जरा थांबून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका बरं."

"न्हाई," प्रभावती म्हणाली.

तिने पदर खोचला. जवळच्या फांदीचं फळ मुठीत धरलं आणि पिळा देऊन ओढलं. कच्चा देठ सुटता सुटेना. कट्‌कन तुटला तेव्हा फांदी हिसका खाऊन वर गेली. तिने दुसरं धरलं. मग तिसरं.

"अवं, काय करता? कच्ची हायेत ती!"

प्रभावतीने वर पाहिलं नाही. हाताला येतील तेवढी तोडत राहिली. ओचा भरला तसा तिने खाली रिकामा केला आणि पुन्हा लागली. बोटं चिकानं चिकट झाली. भिंतीपलीकडची पावलं मागे गेली, दार लागलं.

"जल्दी चल, ऊन चढून राह्यलं," म्हणत गुरुजी परसात आले आणि तिथेच थबकले. "अगं, हे काय केलंस? डोळा उघडायच्या आधी तोडलं की सीताफळ पिकत न्हाई. काळं पडतं."

"माहीत हाय मला."

"मंग?"

"वरची माझ्या हाताला येईनात. तेवढी काढा."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. बाह्या वर सारल्या, टाचा उंचावून शेंड्याची फांदी खाली वाकवली आणि तशीच धरून उभे राहिले. प्रभावतीने एकेक करून सगळी फळं उतरवली. एकही ठेवलं नाही.

टेंभुर्णीला आल्यावर तिने ती टोपल्यात कडब्याचा पाला घालून त्यात दडपली. पोरी शाळेतून आल्या की टोपल्यात हात घालून फळं दाबून बघत. पहिले काही दिवस ती दगडासारखीच राहिली. मग काळी पडली, सुरकुतली. पोरींनी टोपल्याकडे जाणं सोडलं.

एका रविवारी गुरुजींनी त्यातलं एक विळीवर चिरलं. गर नाही तर नाही, निदान बी तरी निघेल, असं त्यांच्या मनात होतं. फळ कच्च्या मुळ्यासारखं करकरत चिरलं गेलं. आत बिया होत्या, पण पांढऱ्या, नखाने दबतील अशा मऊ. त्यांनी दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. काळी झालेली एकही बी निघाली नाही.

"असू दे," ते म्हणाले. "इथं परसात जागा बरी हाय. दिवाळीच्या सुट्टीत औरंगाबादला जाईन तवा दुसरं कलम आणतो."

प्रभावती तुकडे गोळा करत होती. तिने विळी उचलली, तिच्यावर पाणी ओतलं आणि पुसून भिंतीला टेकवून ठेवली.

"आणा," ती म्हणाली. "पण फळ येत न्हाई असलं काई भेटतं का, ते आधी विचारा."