मापाचं औषध

“आजी परत आली तर तिचा रोगही परत येतो का हो, डॉक्टर?” मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून इयाबोने नायजेरियातल्या इबादानच्या इस्पितळात बेधडक विचारून टाकलं. आजी स्तनाच्या कॅन्सरने गेली आणि पाठोपाठ ही जन्मली, म्हणून नाव इयाबो, म्हणजे ‘आई परत आली’. आता तोच कॅन्सर आईला होता. डॉक्टर हसले नाहीत. “येऊ शकतो, रक्तातून. तुझ्या आईच्या जनुकातली चूक सापडली, पण त्या चुकीवर औषध नाही. औषधं बेतलीत गोऱ्यांच्या जनुकांवरून. त्यांच्यात ही चूक नव्हतीच.” शिंपीण आई डोक्याचं कापड आवळत म्हणाली, “माझं माप घेतलंच नाही, मग झगा बसेल कसा!” बाबा घाईने म्हणाले, “पोरीचंही रक्त तपासा.” इयाबोने बाही खाली ओढली. “आई, बाबा, मी रक्त देणार नाही. औषधच नाही, तर ते कळून आत्तापासून कशाला मरू?”