जात्याशेजारचं मडकं

चळवळीच्या पोरांना आसरा देतात, असं म्हणून इंग्रज सरकारनं साताऱ्यातल्या एका बोर्डिंगाची ग्रँट बंद केली. तेव्हापासून गावातली प्रत्येक बाई दळायला बसण्याआधी बोर्डिंगातल्या पोरांसाठी मूठभर जोंधळा वेगळ्या मडक्यात टाकू लागली. मग त्या मुठीवरही बंदी आली. असं मडकं सापडलं म्हणून शेजारच्या सयाजीला कालच धरून नेलं होतं.

हवालदार अंबूबाईच्या घरात शिरला तेव्हा तिची सून अंजना दळत होती. जातं थांबलं.

"हे मडकं कशाचं?"

अंबूबाईच पुढं झाली. "यमाईचं हाय, सायेब. नवरात्रात औंधाला न्यायचं."

हवालदार मडक्यापाशी आला. वाकून त्यानं आत हात घातला, जोंधळा तळापर्यंत ढवळला. दोघी त्याच्या हाताकडं बघत राहिल्या. मग तो सरळ झाला आणि दारापर्यंत गेला. अंजनानं सासूचा हात घट्ट धरला.

उंबऱ्यावर तो थांबला.

"आजी, देवीचं असतं तर पायताण घालून शिवू दिलं असतं व्हय मला?"

अंबूबाईनं मडकं पोटाशी ओढलं.

हवालदारानं बाहेर कुणी नाही हे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उद्या फौजदार येणार हाय. त्यो मडक्याकडं निघाला, की वरडून आधी बूट काढाय लावा."