कज्जलासुराचं तोंड

"पुन्हा तोच कज्जलासुर? अगं, एखादी परी काढ की!" मी वैतागून म्हणाले. कार्टून सिनेमातल्या त्या राक्षसाची चौतीस चित्रं माझ्या लेकीने भिंतीवर चिकटवली होती. सगळ्यांत तो तोंड उघडून गरजत होता.

"परी बाबांच्या आवाजात बोलते का?"

त्या राक्षसाला मराठीत आवाज तिच्या बाबांनीच दिला होता. ते जाऊन वर्ष झालं.

रविवारी आम्ही सिनेमाचा दुसरा भाग पाहायला गेलो. कज्जलासुर पडद्यावर आला आणि बोलला, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. "आई, घरी चल," एवढंच ती म्हणाली.

आज तिने पुन्हा कज्जलासुर काढला. शिंगं, जटा, लाल डोळे, सगळं तसंच. फक्त तोंड घट्ट मिटलेलं.