पेढ्यांचा पुडा

पेढ्यांचा पुडा मी सकाळीच आणून ठेवला होता. सूर्यावर उठलेलं वादळ आज उपग्रहापर्यंत पोचणार होतं. उपग्रहावर विद्युतभार किती साठतो ते माझं उपकरण मोजायचं, आणि पडद्यावरची त्याची सपाट रेघ आज पहिल्यांदाच हलणार होती.

हलली. माझ्या गणितात होती तशीच चढत गेली. मग वर कुठेतरी ठिणगी पडली असणार, कारण रेघ एकदम खाली आली आणि पुढे काहीच आलं नाही. उपग्रह गप्प झाला. दुपारभर त्याला हाका मारून झाल्या. शेवटी संचालकांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. कुणी उठलं नाही.

उपग्रहावरचा कॅमेरा निमकर सरांचा. उद्या तो पहिला फोटो काढणार होता. सर माझ्या टेबलाशी आले.

"तुझं सगळं नोंदलं गेलं ना?"

"हो सर. शेवटपर्यंत."

"मग हे का बांधून ठेवलंयस?"

त्यांनी पुड्याचा दोरा सोडला. एक पेढा तोंडात टाकून बराच वेळ घोळवत राहिले.

"गोड आहे," पडद्यावरचा आकडा वाचून दाखवावा तसं ते म्हणाले, आणि पुडा शेजारच्या टेबलाकडे सरकवला.