भिंतीवरचे नऊ ठोके

ठक. ठक-ठक.

गौरांगने गाणं थांबवलं आणि भिंतीकडे बघून एक सणसणीत शिवी हासडली. पलीकडून लगेच उत्तर आलं. ठक. ठक-ठक. त्याने आत्ताच वाजवलेला ताल, जसाच्या तसा. म्हातारी नुसती ठोकत नव्हती, वर वेडावूनही दाखवत होती.

सकाळचे अकरा वाजले की रोज हेच. एका वेब सिरीजचं संगीत पंधरा तारखेपर्यंत द्यायचं होतं. ते पसंत पडलं तर मोठ्या कामांचं दार उघडणार होतं, नाहीतर पुन्हा लग्नाच्या डीजेंसाठी जुनी गाणी कापत बसायचं. बेसचा घुमणारा आवाज हेडफोनवर धड कळत नाही, स्पीकर लावावाच लागतो. आणि स्पीकर लावला की दहा मिनिटांच्या आत भानुमतीबाईंचं लाटणं भिंतीवर सुरू.

गल्लीतलं ते बैठं घर मधोमध भिंत घालून दोन केलेलं होतं. अर्ध्यात घरमालकीण भानुमतीबाई एकट्याच, अर्ध्यात गौरांग, सात महिन्यांपासून. भाड्याचं सगळं त्यांचा शहपुऱ्याचा भाचा रामकृष्ण बघायचा. खोली देताना त्याने एकच अट घातली होती, गल्लीतले लोक कटकट करतात, गाणं-बजावणं नको. "हेडफोनवरच काम करतो जी," असं गौरांगने बिनदिक्कत सांगून टाकलं होतं. त्यामुळे आता तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

बाई माणूसघाण्याच होत्या. दारावरची घंटा दाबून बोट दुखलं तरी दार उघडायच्या नाहीत. एकदा त्याने त्यांना फाटकाशी गाठलं. नुकताच स्कूटरवरून उतरला होता, तोंडाला गमछा तसाच गुंडाळलेला. मागून दोनदा हाक मारली, बाई वळल्यासुद्धा नाहीत. मग तो समोर जाऊन उभा राहिला.

"काकू, भिंत काहून ठोकून राहिल्या तुम्ही?"

"काय?" बाई त्याच्या गमछ्याकडे टक लावून बघत होत्या.

"भिंत! भिंत!"

"चार दिवस कुठं होता?" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बाईंनीच विचारलं.

"नागपूरला. तुम्हाला काय करायचंय?"

"काय?"

गौरांगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौघांत त्याचा पोपट करून बाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी जाता-जाता त्यांच्या खिडकीतून त्याला दिसलं, बाई भिंतीवर तळहात टेकवून उभ्या होत्या. कुठे ठोकलं तर जास्त आवाज होईल, ती जागा शोधत असणार. काय माणसं असतात एकेक!

दुसऱ्या दिवशी त्याने माइक भिंतीला चिकटवला. एक ताल वाजवायचा, थांबवायचं, की शांततेत म्हातारीचे ठोके येतात, हे त्याला ठाऊक होतं. नऊ ठोके मिळाले, अगदी स्वच्छ. ते त्याने सॉफ्टवेअरमध्ये तालाच्या रेघांवर टाकले, तर एकही ठोका इकडचा तिकडे नव्हता. एवढी नेमकी बोटं त्याच्या तबलेवाल्याचीही नव्हती.

पण त्याला ताल नकोच होता, वेड हवं होतं.

मग त्याने एकेक ठोका रेघेवरून ढकलायला सुरुवात केली. कुठे अर्धा सेकंद आधी, कुठे उशिरा. काही जड केले, काही दूर नेले. मध्येच सतरा ठोके लागोपाठ, मग एक लांब थांबा, मग पुन्हा. खाली पंख्याची घरघर आणि कुकरच्या दोन शिट्ट्या टाकल्या. नऊ ठोक्यांची चाळीस मिनिटं झाली. ऐकताना त्याच्याच अंगावर काटा आला. इतकं छान काम त्याने त्या वेब सिरीजसाठीही केलं नव्हतं.

गौरांगने बोलावून ऐकवलं तेव्हा रामकृष्णने ते पाचच मिनिटं ऐकलं. तो चिडेल असं गौरांगला वाटलं होतं, पण त्याचा चेहराच उतरला.

"रोज असंच?"

"रोज. तुमच्या मावशीचा माझ्यावर काय राग आहे, मला तर समजूनच नाही राहिलं."

"आणि तुम्ही काही वाजवत नाही? खरं सांगा."

"मी? हेडफोन लावून बसलेला असतो, भैया."

रामकृष्ण उठून उभा राहिला. मग तो पलीकडे गेला. तिथून बाईंचा चढा आवाज येत राहिला, रामकृष्णचा मात्र अजिबात आला नाही.

रविवारी गाडी आली. "मी माझ्या घरातून नाही जात!" बाई ओरडत होत्या. त्यांनी फाटक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, रामकृष्णच्या बायकोने बोटं एकेक करून सोडवली. गौरांगला क्षणभर कसंतरी झालं. पण पंधरा तारीख चार दिवसांवर होती. गाडीत बसताना बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे, तो काही बोलेल म्हणून वाट बघितल्यासारखं. तो बोलला नाही.

रामकृष्ण पलीकडच्या दाराला कुलूप लावून त्याच्यापाशी आला.

"तुम्ही सांगितलं, बरं केलं भैया. आता तिला एकटं नाही ठेवता येत. घरच्यांशिवाय कोणाला माहीत नाही, ती सांगूही देत नाही, पण सहा वर्षं झाली, मावशीला काहीच ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ पाहून निभावते." त्याने रुमालाने डोळे पुसले. "काल विचारलं, भिंत काहून ठोकते म्हणून. तर म्हणते, हात लावला की कळतं रे मला, पलीकडचा पोरगा रोज हाक मारून राहिला, ओ तर द्यायला पाहिजे न?"